रण ओसाड नाही : कच्छच्या खाऱ्या भूमीतील प्राणी आणि वनस्पती





आपले करजण कानम प्रदेशात येते. काळी, कसदार जमीन, कपाशीची शेते आणि दक्षिणेला नर्मदामाई. येथे वाढणाऱ्या मुलाला 'जमीन' असे म्हटले की हिरवे शेतच आठवते. परंतु याच गुजरातमध्ये, आपल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, अशी एक भूमी आहे की जिथे मैलोगणती चालत गेले तरी झाडाची सावली सापडत नाही. पायाखाली भेगाळलेला, मिठाने पांढरा झालेला चिखल आणि वर आकाश. ही भूमी म्हणजे कच्छचे छोटे रण.

मराठीत आपण अशा जागेला 'ओसाड' म्हणतो. मी पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून घेतले. त्या पुस्तकांत अशा जमिनीला 'बंजर' किंवा 'ऊसर' म्हटलेले असे. गुजराती शेजारी 'वेरान' म्हणतात. तिन्ही भाषांतील शब्दांचा अर्थ एकच, की येथे काही नाही. या लेखात आपण पाहणार आहोत की हा अर्थ बरोबर नाही. त्या ठिकाणी जे आहे ते जगात दुसरीकडे फारसे कुठे नाही. आणि ते टिकेल की नाही हे थोडेफार आपल्यावरही अवलंबून आहे.

१) रण म्हणजे काय?

मराठी मुलांना 'रण' म्हटले की लढाईचे मैदान आठवते. येथील 'रण' शब्द वेगळा आहे. संस्कृतात 'इरिण' म्हणजे खारवट, नापीक जमीन. 'रण' हा शब्द त्यापासूनच आला असे मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या भागाचा उल्लेख 'इरिनोन' असा आहे. त्याच ग्रंथात आपल्या शेजारचे भरूच 'बॅरिगाझा' या नावाने येते. म्हणजे त्या काळच्या नाविकांना आपला परिसर आणि रण ही दोन्ही ठिकाणे ठाऊक होती.

रणाचे दोन भाग आहेत. उत्तरेला पाकिस्तानच्या सीमेपर्यंत पसरलेले मोठे रण आणि आग्नेयेला छोटे रण. छोटे रण सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचे आहे. आपल्या आजच्या वडोदरा जिल्ह्यापेक्षाही ते मोठे आहे! सुरेंद्रनगर, पाटण, बनासकांठा, मोरबी आणि कच्छ अशा पाच जिल्ह्यांत ते पसरले आहे. यांपैकी पाटण हे पूर्वी बडोदे संस्थानच्या कडी प्रांतात होते. तेव्हा आपल्या पणजोबांच्या पिढीतील काही सरकारी नोकरदारांनी रणाच्या वाटेवरची गावे पाहिलीही असतील.

एके काळी येथे समुद्राची खाडी होती. नद्यांनी आणलेल्या गाळाने आणि जमीन हळूहळू वर उचलली गेल्याने ती भरत गेली. भूकंपांचाही यात हात आहे. १६ जून १८१९ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपात मोठ्या रणामध्ये जमिनीचा एक लांबच लांब पट्टा वर उचलला गेला. लोकांनी त्याला 'अल्ला बंध' असे नाव दिले, म्हणजे माणसाने नव्हे तर देवाने बांधलेला बांध. समुद्र मागे हटला, पण त्याचे मीठ मात्र मातीतच राहिले.

२) वर्षातून दोन वेळा बदलणारी भूमी

रण हे राजस्थानसारखे वाळूचे वाळवंट नाही. ते वर्षातले काही महिने पाण्याखाली असते. पावसाळ्यात बनास, सरस्वती, रूपेण या नद्यांचे गोडे पाणी पूर्वेकडून येते. पश्चिमेकडून, सुरजबारीच्या बाजूने, कच्छच्या आखाताचे खारे पाणी भरतीबरोबर आत शिरते. दोन्ही पाणी मिसळून सगळीकडे उथळ तळे होते. त्यात जे थोडे उंचवटे कोरडे राहतात त्यांना 'बेट' म्हणतात. छोट्या रणात अशी सुमारे ७४ बेटे आहेत.

दिवाळीच्या सुमारास पाणी आटू लागते. हिवाळ्यात चिखल सुकतो, त्याला षटकोनी भेगा पडतात आणि मिठाचा पांढरा थर वर येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी दूरवर पाणी असल्याचा भास होतो. हेच मृगजळ.

आता विचार करा. ज्या जीवाला येथे राहायचे आहे त्याला पूर सोसला पाहिजे, दुष्काळ सोसला पाहिजे, ऊन सोसले पाहिजे आणि या सर्वांपेक्षा कठीण म्हणजे मीठ सोसले पाहिजे. जे एवढे सोसू शकत नाहीत ते येथे येत नाहीत. जे सोसू शकतात त्यांना ही जागा जवळजवळ मोकळी मिळते. मिठाने रणाभोवती एक कुंपणच घातले आहे. समुद्रातल्या एकाकी बेटावर जसे वेगळे जीव टिकून राहतात, तसेच येथे झाले.

३) मीठ झाडाचे शत्रू का?

आई काकडीची कोशिंबीर करते तेव्हा मीठ घातल्यावर थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटलेले तुम्ही पाहिले असेल. मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते. या क्रियेला परासरण म्हणतात. खाऱ्या जमिनीत असेच होते. मातीत पाणी असले तरी मुळांना ते घेता येत नाही. उलट मुळांतलेच पाणी बाहेर जाऊ लागते. म्हणून साधे रोप खाऱ्या जमिनीत पाण्यात उभे राहूनही तहानेने मरते.

रणाच्या वनस्पतींनी यावर वेगवेगळे उपाय शोधले आहेत.

लाणो : बेटांच्या कडेला वाढणारे हे छोटे झुडूप. याची पाने जाड आणि रसाळ असतात. शोषलेले मीठ ते पानांत साठवते आणि भरपूर पाण्यात विरघळवून ठेवते. पान जुने झाले की मिठासकट गळून पडते. पान चावून पाहिले तर चव खारट लागते.

खारे गवत : काही गवतांच्या पानांवर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून मीठ बाहेर टाकले जाते. सकाळी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात.

पीलू : याला गुजरातीत 'खारी जार' म्हणतात. याच्या काड्यांचे दातवण करतात. खारे वारे आणि खारी माती या दोहोंतही हे झाड हिरवेगार राहते.

नेपती : हिंदीत करील, गुजरातीत केरडो. याला पाने जवळजवळ नसतातच. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात. पाने नाहीत म्हणून बाष्पीभवनही कमी. याच्या कोवळ्या फळांचे लोणचे आपल्यापैकी काही घरांत येत असेल.

गुग्गुळ : कच्छच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचे हे काटेरी झुडूप. धूप आणि आयुर्वेदिक औषधांत वापरला जाणारा गुग्गुळ म्हणजे याच्या सालीतून पाझरणारा डिंक. अधिक डिंकाच्या लोभाने खोल चिरा पाडल्या की झाड मरते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने याची गणना आता अत्यंत धोक्यात आलेल्या वनस्पतींत केली आहे. देवघरात धूप लावताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

कच्छमध्ये आणखी एक आश्चर्य आहे. कोकणातल्या खाडीकाठी तिवरांची झाडे असतात हे तुम्हांला सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर दिसले असेल. तिवरांना भरती-ओहोटीचा चिखल लागतो. परंतु लखपत तालुक्यातील गुनेरी गावाजवळ भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा सपाट जमिनीवर तिवरांचे बन उभे आहे. समुद्र मागे हटला तेव्हा ही झाडे तेथेच मागे राहिली असावीत, असा तर्क आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३ हेक्टरची ही जागा गुजरातचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली.

४) घुडखर, रणाचा मानकरी

आता रणाच्या मुख्य प्राण्याकडे येऊ. मराठीत रानगाढव, हिंदीत जंगली गधा, गुजरातीत घुडखर. 'घोडा' आणि 'खर' म्हणजे गाढव, हे दोन्ही शब्द त्यात आहेत, आणि प्राणी पाहिला की नाव किती नेमके आहे ते समजते. शास्त्रीय नाव इक्वस हेमिओनस खुर.

गाढव म्हटल्यावर मुलांना हसू येते. परंतु घुडखर हे कुंभाराच्या गाढवाचे पळून गेलेले भावंड नव्हे. ती निराळीच जात आहे आणि ती कधीच माणसाळलेली नाही. खांद्यापाशी उंची सुमारे चार फूट, वजन २०० किलोच्या वर. रंग बदामी-तांबूस, पोट आणि पाय पांढुरके. मानेवर उभी आयाळ आणि तेथून शेपटीपर्यंत पाठीवर गडद पट्टा. धावू लागले तर ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेग गाठते. सपाट रणात लपायला जागा नाही. म्हणून पळणे हाच त्याचा बचाव.

लाणोसारखी खारट झुडपेही ते खाते. सकाळ-संध्याकाळ बेटांवर चरते. पावसाळ्यात रण भरले की बेटांवर आणि काठच्या गवतात येते. मादी सुमारे अकरा महिन्यांनी एकच पिल्लू देते आणि बहुतेक पिल्ले पावसाळ्यात, गवत भरपूर असताना, जन्मतात.

एके काळी हे प्राणी वायव्य भारतात, सिंध-बलुचिस्तानात आणि पुढे इराणच्या दिशेने पसरलेले होते. शिकार झाली, गवताळ जमिनी नांगराखाली गेल्या. आज घुडखराची ही उपजात फक्त छोट्या रणात आणि त्याच्या आसपास उरली आहे. साऱ्या जगात हे एकच घर!

हे घरही एकदा रिकामे होता होता वाचले. १९६० च्या सुमारास येथे 'सर्रा' नावाचा रोग पसरला. रक्तातील सूक्ष्म परजीवीमुळे होणारा हा रोग चावणाऱ्या माश्या पसरवतात. त्याच काळात घोड्यांच्या दुसऱ्या एका साथीनेही बळी घेतले. १९६० चे दशक संपत आले तेव्हा चारशेपेक्षाही कमी घुडखर उरले होते. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, घुडखराला त्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले आणि रणात अभयारण्य झाले. त्यानंतरच्या गणनेचे आकडे पाहा :

१९७६ : ७२०
१९८३ : १,९८९
१९९९ : २,८३९
२००४ : ३,८६३
२००९ : ४,०३८
२०१४ : ४,४५१
२०२० : ६,०८२
२०२४ : ७,६७२

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी या आकड्यांचा आलेख काढावा. २०२० ते २०२४ या चार वर्षांत सुमारे २६ टक्के वाढ झाली आहे. भारतात वन्यप्राणी वाचवण्याच्या ज्या कथा यशस्वी झाल्या त्यांत ही एक आहे आणि ती आपल्या राज्यातली आहे, याचा अभिमान बाळगावा.

५) रणाचे इतर रहिवासी

रोहित पक्षी : इंग्रजी शब्द फ्लेमिंगो. हा गुजरातचा राज्यपक्षी आहे. पाऊस चांगला झाला की मोठ्या रणात हे पक्षी हजारोंच्या संख्येने घरटी करतात. घरटे म्हणजे चिखलाचा छोटा बुरूज आणि त्यावर एक खळगा. त्यात एकच अंडे. भोवती उथळ खारे पाणी असल्याने कोल्हे-लांडगे तेथपर्यंत जाऊ शकत नाहीत. आई आणि वडील दोघेही आपल्या घशात तयार होणारा दुधासारखा रस पिलांना भरवतात. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी कच्छच्या महारावांच्या आश्रयाने येथे पाहणी केली आणि १९४५ मध्ये कच्छच्या पक्ष्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

सांडा : ही काटेरी शेपटीची पाल. आपल्याकडच्या बहुतेक पाली-सरडे किडे खातात, हा मात्र मुख्यत्वे पाला खातो. शेपटीत चरबी साठवतो, बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतो आणि थंडीचे दिवस आत झोपून काढतो. याच्या चरबीचे 'सांड्याचे तेल' सांधेदुखीवर म्हणून जत्रेत व रस्त्याच्या कडेला विकले जाते. त्याने दुखणे बरे होते याला पुरावा नाही. त्यासाठी जिवंत प्राण्याची पाठ मोडतात. ही शिकार आणि विक्री कायद्याने गुन्हा आहे. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की हे तेल कोणी विकत घेऊ नये.

कॅराकल : गुजरातीत हेणोतरो. कानांवर काळ्या केसांचे झुपके असलेले हे रानमांजर उडी मारून उडता पक्षी पकडते. भारतात आता फारच थोडे उरले आहेत आणि त्यांतील काही कच्छमध्ये आहेत.

कोल्हे : कच्छमधील सर्वांत उंच टेकडी म्हणजे काळो डुंगर. तेथे दत्तात्रेयांचे मंदिर आहे. आपल्या मराठी घरांत दत्तजयंतीला दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असलेले चित्र असते. काळ्या डुंगरावर मात्र देवाचा भाताचा प्रसाद कोल्ह्यांना घालण्याची परंपरा आहे. पुजारी हाक देतो आणि कोल्हे येऊन जेवून जातात!

कोळंबी : रणात मासे मिळतात असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीची बारीक पिल्ले आखातातून रणात शिरतात. उथळ, उबदार, निमखाऱ्या पाण्यात ती भराभर वाढतात आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा समुद्राकडे निघतात. वाटेत कोळी बांधव जाळी लावून बसलेले असतात. यांतील एका जातीच्या शास्त्रीय नावातच 'कच्छ' आहे. नद्यांचे गोडे पाणी कमी आले तर ही कोळंबीही कमी होते.

खराई उंट : हा पाळीव प्राणी आहे, पण पोहणारा! कच्छच्या किनाऱ्यावर हे उंट भरतीच्या पाण्यातून पोहत जाऊन तिवरांचा पाला खातात. २०१५ मध्ये यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आणि हे पाहण्यासाठी कच्छपर्यंत जायलाच पाहिजे असे नाही. आपल्या नर्मदेच्या मुखाशी, भरूच जिल्ह्यातील आलियाबेटावरही खराई उंट आहेत.

माळढोक : हा मोठा, जड, जमिनीवर चालणारा पक्षी. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये याच्यासाठी अभयारण्य झाले, म्हणून मराठी मुलांना हे नाव ओळखीचे असावे. कच्छमध्ये नलियाजवळच्या गवताळ माळावर यांचा अधिवास होता. आता तेथे मोजक्या माद्याच उरल्या. साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच हे पक्षी असावेत. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. तारा जमिनीखालून न्याव्यात की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल केला. पवनचक्क्या आणि सौरऊर्जा ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु चांगल्या गोष्टीही जागा पाहून कराव्या लागतात, हा यातील धडा.

६) जगातील एक सोबती : सोकोत्रा

अरबी समुद्रात येमेन देशाचे सोकोत्रा नावाचे बेट आहे. कोरडे आणि सर्वांपासून दूर. तेथील सुमारे ८२५ वनस्पतींपैकी ३७ टक्के जगात इतरत्र नाहीत. छत्रीसारखे उभे असलेले एक झाड आहे, त्याच्या सालीतून रक्तासारखा लाल डिंक निघतो. काकडीच्या कुळात आपण फक्त वेल पाहतो, पण सोकोत्रावर त्याच कुळातले फुगलेल्या खोडाचे झाड आहे! २००८ पासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

आपल्यासाठी विशेष गोष्ट पुढेच आहे. सोकोत्रावरील होक नावाच्या गुहेत शेकडो वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील लेख सापडले आहेत. तेथे थांबलेल्या भारतीय नाविकांनी आपली नावे लिहून ठेवली आणि त्यांत भरुकच्छ, म्हणजे आपले भरूच, हे नावही आहे. आपल्या शेजारच्या गावचा माणूस त्या लाल डिंकाच्या झाडाखाली बसलाही असेल!

सोकोत्रावर आज शेळ्या नवी रोपे खाऊन टाकतात, त्यामुळे जुनी झाडे आहेत पण त्यांच्यामागे पुढची पिढी नाही. २०१५ मध्ये एकाच महिन्यात आलेल्या दोन चक्रीवादळांनी बरीच जुनी झाडे पाडली. एकाच जागी राहणाऱ्या जीवांचे हेच दुःख असते. ते घर गेले तर दुसरे घर नाही.

७) मग संकट कोणते?

घुडखर वाढत आहेत, तर चिंता कशाची, असे कोणी विचारेल. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट रोगाची. सारे घुडखर एकाच प्रदेशात आहेत. १९६० सारखी साथ पुन्हा आली तर सगळ्यांवर एकाच वेळी संकट येईल. म्हणून ते मोठ्या रणाकडे आणि राजस्थानच्या जालोर जिल्ह्याच्या बाजूला पसरत आहेत, हे चांगले लक्षण आहे.

दुसरी गोष्ट वेड्या बाभळीची. तुम्ही तिला 'गांडो बावळ' म्हणून ओळखता. ती मूळची अमेरिका खंडातली. खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या सुमारास कच्छच्या बन्नी भागात ती मुद्दाम लावली गेली. पुढे ती कोणालाच आवरली नाही. घुडखर आणि गुरे तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बिया दूरवर पेरतात. तिच्या दाटीत गवत उगवत नाही. दुसऱ्या बाजूला, तिच्यापासून कोळसा करून अनेक गरीब कुटुंबे पोट भरतात. एकदा लावलेले झाड काढून टाकणे हे लावण्यापेक्षा किती कठीण असते ते येथे दिसते. वृक्षारोपणाच्या दिवशी आपण शाळेत रोप निवडतो तेव्हा हे ध्यानात ठेवावे. कोठेही, कोणतेही झाड लावणे म्हणजे पर्यावरण नव्हे.

तिसरी गोष्ट नर्मदेच्या पाण्याची. सरदार सरोवराचे पाणी कालव्याने रणाच्या काठापर्यंत पोहोचले. कोरडवाहू शेतकऱ्याला जिरे आणि कपाशी घेता येऊ लागली, ही आनंदाची बाब आहे. परंतु जेथे पूर्वी घुडखर चरत तेथे आता पीक आहे. घुडखर पिकात शिरतात आणि शेतकरी रात्रभर जागतो. तसेच कालव्याचे पाझरलेले पाणी अवेळी रणात उतरते आणि कोरडे राहायला हवे ते भाग ओले राहतात. पाणी म्हणजे जीवन हे खरेच. पण रणाचे जीवन पाणी असण्यावर जेवढे अवलंबून आहे तेवढेच ते वेळेवर नसण्यावरही आहे.

चौथी गोष्ट माणसांची. रणात अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवतात. देशातील सुमारे तीन चतुर्थांश मीठ गुजरातमध्ये तयार होते आणि त्यात छोट्या रणाचा वाटा मोठा आहे. पावसाळा संपला की अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह रणात झोपडी बांधतात, जमिनीतले खारे पाणी उपसतात आणि सात-आठ महिने उन्हात राबून मिठाचे मोठे खडे तयार करतात. तेथे शाळा, दवाखाना, गोडे पाणी जवळ नाही. त्यांच्या मुलांसाठी जुन्या एस.टी. बसमध्ये शाळा भरवण्याचा उपक्रमही झाला आहे. रण अभयारण्य झाले, पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्याचा हक्क कोणता, हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. माझे मत स्पष्ट आहे. अगरिया आणि घुडखर कित्येक पिढ्या एकाच रणात राहत आले आहेत. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला हाकलणे हा न्याय नव्हे, आणि मिठाच्या नावाखाली सगळेच रण यंत्रांना व ट्रकना मोकळे करणे हेही शहाणपण नव्हे. दोघांना जागा ठेवणारे नियम करावेत आणि ते दोघांनाही समजावून सांगावेत.

जेवताना आपण मिठाची चिमूट घेतो. 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे आपल्या घरांत म्हणतात. हे मीठ ज्या भूमीतून आले तिला निदान 'ओसाड' तरी म्हणू नये.

८) आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनी :
• बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्याव्यात. एक साध्या पाण्यात, दुसरी खूप मीठ घातलेल्या पाण्यात दोन तास ठेवावी. नंतर दोन्ही वाकवून पाहाव्यात आणि फरक वहीत लिहावा.
• दोन कुंड्यांत मेथी पेरावी. एकीला साधे, दुसरीला मिठाचे पाणी रोज घालावे. दहा दिवस निरीक्षण करून तक्ता करावा.
• आजी-आजोबांना विचारून आपल्या परिसरातील पाच रानझाडांची मराठी आणि गुजराती नावे लिहून आणावीत.

पालकांनी :
• सांड्याचे तेल घेऊ नये आणि कोणी विकत असल्यास वनखात्याला कळवावे.
• रणोत्सवासाठी कच्छला जाताना एक दिवस छोट्या रणासाठीही ठेवावा. स्थानिक वाटाड्या घ्यावा, घुडखरामागे गाडी पळवू नये. भर उन्हात धावताना पिल्लू आईपासून चुकते.

विश्वस्त मंडळींना विनंती :
• दरवर्षीच्या सहलीत एखादे वर्ष धार्मिक स्थळ किंवा वॉटर पार्कऐवजी छोटे रण घ्यावे. बजाणा व ध्रांगध्रा या बाजूंनी अभयारण्यात प्रवेश मिळतो. डिसेंबर-जानेवारी हा काळ योग्य. मुलांनी घुडखर पाहावेत, तसेच एखाद्या अगरिया कुटुंबाकडे बसून मीठ कसे पिकते तेही पाहावे. खर्च जास्त वाटल्यास सुरुवात नववीच्या एका वर्गापासून करू. ज्या घरांना वर्गणी जड जाईल त्या मुलांचा वाटा शाळेने उचलावा, अशी माझी सूचना आहे.

९) स्वाध्याय

१. रणाला वाळूचे वाळवंट का म्हणता येत नाही?
२. लाणो आणि नेपती या दोन वनस्पतींनी कोणत्या निरनिराळ्या अडचणींवर उपाय केला आहे?
३. रोहित पक्षी भर पाण्यात घरटे का बांधतात?
४. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत घुडखरांची संख्या कितीने वाढली? टक्केवारी काढा.
५. विचार करा आणि लिहा : तुम्ही रणाच्या काठचे शेतकरी आहात. रात्री घुडखरांनी तुमचे जिरे खाल्ले. तुम्ही सरकारकडे काय मागाल? आता हाच प्रश्न वनरक्षक होऊन पुन्हा लिहा.

पाचव्या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर नाही. उत्तम तीन उत्तरे पुढील अंकात छापण्यात येतील. उत्तरे या महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे द्यावीत.

सर्वांना शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक